चित्रीकरण भोरला, चित्रपट पुण्याला

नीरेच्या काठी वसलेल्या भोर गावात पंतसचिवांचा जो राजवाडा १८६९ साली उभा राहिला आणि १९४८ साली संस्थान विलीन होताच ज्याच्या दिवाणखान्यातले दरबारी कामकाज कायमचे आटोपले, त्या वाड्यात आता मधूनमधून निराळेच दरबार भरतात. मराठी-हिंदी चित्रपटांचे ताफे येतात, चौकात रूळ अंथरले जातात, कोरीव खांबांवर दिव्यांचे झोत पडतात, आणि चार दिवसांपुरता त्या वास्तूचा धनी कधी एखादा सरदार होतो, कधी जुलमी जमीनदार. वाड्याप्रमाणेच भाटघरच्या जलाशयाचा काठ आणि वरंध घाटाकडे चढत जाणारा रस्ता यांवरही चित्रपटवाल्यांची दृष्टी असते. यामुळे चित्रपट कसा तयार होतो याचे ज्ञान भोरच्या साध्या माणसाला शहरातल्या पुष्कळ सुशिक्षितांहून अधिक आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. टँकरच्या पाण्याचा पाऊस कसा पाडतात, नायक एकच वाक्य पुनःपुन्हा का उच्चारतो आणि उन्हात दिवसभर उभ्या असलेल्या गर्दीतल्या माणसाला संध्याकाळी मोबदला काय मिळतो, हे त्याने स्वतः पाहिलेले असते. परंतु तयार झालेला चित्रपट, आणि विशेषतः जाहिरातीच्या गाजावाजावाचून आलेला स्वतंत्र बाण्याचा चित्रपट पाहावा असे त्याच्या मनात आले, की त्याला कापूरहोळमार्गे पुण्याची वाट धरावी लागते. तोरणा आणि राजगड या दोन दुर्गांमुळे ज्याची कीर्ती दिगंत झाली आणि अलीकडे ज्याला शासनाने राजगड हेच नाव दिले, त्या वेल्हे तालुक्यातल्या माणसाची स्थिती याहून बिकट. त्याच्या गावापासून आधी वेल्ह्याला आणि मग तेथून पुण्याला, असा तो प्रवास आहे.

प्रस्तुत लेखाचा हेतू दुहेरी आहे. पुण्यासारख्या ठिकाणी भरणाऱ्या चित्रपटमहोत्सवाला जावयाचे म्हणजे नेमके काय करावयाचे, तेथे काय पाहावयास मिळते, हे ज्यांनी असा महोत्सव कधी पाहिला नाही त्यांना सांगावे, हा एक. आणि ज्यांच्या आयुष्यावर यांतले कितीतरी चित्रपट बेतलेले असतात ती माणसे त्या सभागृहात का दिसत नाहीत, याचा विचार करावा, हा दुसरा.

चित्रपटाच्या धंद्यात भांडवल ज्याचे, शब्द त्याचा, असा सर्वसाधारण रिवाज आहे. पैसा लावणारा निर्माता आणि तो चित्रपट गावोगावच्या पडद्यांवर पोहोचवणारा वितरक हे दोघे मिळून कथेत काय असावे, गाणी किती असावीत, शेवट गोड व्हावा की कसे, हे ठरवतात. हा रिवाज मोडून, आपल्याला जे सांगावयाचे आहे ते आपल्याच रीतीने सांगण्यासाठी जो दिग्दर्शक मित्रांकडून, कर्ज काढून अथवा एखाद्या संस्थेकडून पैसा उभा करतो, त्याच्या चित्रपटास स्थूलमानाने स्वतंत्र चित्रपट म्हणतात. या अर्थाने पाहिले तर आपल्या चित्रपटाचे आद्यपुरुष दादासाहेब फाळके हे पहिले स्वतंत्र चित्रपटकार होत. विम्याची पॉलिसी गहाण टाकून त्यांनी विलायतेची वाट धरली. परत आल्यावर वाटाण्याच्या दाण्यातून अंकुर कसा वर येतो एवढेच दाखवणारी एक चिमुकली चित्रफीत तयार करून सावकाराची खात्री पटवली. पत्नी सरस्वतीबाईंचे दागिनेही त्या यज्ञात पडले. आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन चित्रगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. १९२९ साली कोल्हापुरात ‘प्रभात’ची स्थापना करणारे शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि कुलकर्णी हे भागीदार देखील आपल्या भांडवलाचे आणि आपल्या मताचे एकाच वेळी धनी होते, व पुढे पुण्यास आल्यावर त्यांनी जे केले त्याचे रहस्य पुष्कळ अंशी यातच आहे.

स्वतंत्र चित्रपटाला पैसा कोठून मिळावा याचे सर्वांत सुंदर उत्तर मात्र गुजरातच्या शेतकऱ्यांनी दिले. श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ हा १९७६ सालचा चित्रपट दूध उत्पादकांच्या सहकारी चळवळीवर आहे. पटकथा विजय तेंडुलकरांची. त्यासाठी पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये दिले, आणि चित्रपट लागला तेव्हा आपण काढलेला चित्रपट पाहावयास हे निर्माते गावोगावहून ट्रक भरभरून आले. त्याच चित्रपटाची जीर्णोद्धार केलेली प्रत २०२४ साली फ्रान्समधील कान येथील महोत्सवात मानाने दाखवण्यात आली. ज्या तालुक्यांत दूधसंस्था आणि विकास सोसायट्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या, तेथील लोकांना या गोष्टीतले अवघड काय आणि सोपे काय, हे वेगळे सांगावयास नको.

आजची अडचण मात्र पैशाहून वेगळी आहे. संगणकयुगातल्या कॅमेऱ्याने चित्रपट काढणे पूर्वीच्या मानाने पुष्कळ स्वस्त केले. तो दाखवणे तितकेच दुरापास्त होऊन बसले. मोठ्या शहरातल्या बहुपडदा चित्रगृहात अशा चित्रपटाला सकाळच्या अथवा भर दुपारच्या अडनिड्या वेळेचा एखादा खेळ मिळतो, पहिल्या तीन दिवसांत खुर्च्या भरल्या नाहीत तर चौथ्या दिवशी तोही काढून घेतला जातो, आणि चित्रपट बरा आहे ही वार्ता लोकांच्या तोंडी होईपर्यंत त्याचा पडदा कधीच उतरलेला असतो. महोत्सवाची आवश्यकता येथे उत्पन्न होते. ठरावीक दिवस, ठरावीक स्थळ, आणि जे दाखवले जाईल ते पाहण्याच्या तयारीने आलेला जमाव, अशी ही व्यवस्था असून तिच्यामुळे चित्रपटाला निदान एकदा तरी भरलेले सभागृह लाभते.

या व्यवस्थेचा उगम इटलीतल्या व्हेनिस नगरीत १९३२ साली झाला. आणि पाचच वर्षांनी, १९३७ साली, त्या नगरीत दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ गौरवला गेला. मुंबईत वर्षाहून अधिक काळ एकाच चित्रगृहात चाललेला, वारकऱ्यांनी ज्याच्या पडद्यापुढे हात जोडले असा हा चित्रपट परदेशातल्या परीक्षकांनाही तितकाच भावला, ही घटना मला फार महत्त्वाची वाटते. महोत्सवातला चित्रपट तो लोकांना न समजणारा आणि लोकांना आवडणारा तो महोत्सवात न शोभणारा, अशी जी एक समजूत पुढच्या काळात दोन्ही बाजूंनी रूढ झाली, तिचे खंडन आपल्याच भाषेतल्या चित्रपटाने आरंभीच करून ठेवले होते. भारत सरकारने पहिला आंतरराष्ट्रीय महोत्सव १९५२ च्या जानेवारीत मुंबईस भरवला व मग तो इतर महानगरांत नेला. त्यात ‘बायसिकल थीव्ह्ज’ हा इटालियन चित्रपट आणि जपानचा ‘राशोमोन’ दाखवले गेले. चोरीस गेलेल्या सायकलीमागे दिवसभर हिंडणारा बाप आणि त्याचा पोर यांची ती साधी कहाणी पाहून आपल्याकडचे दिग्दर्शक अस्वस्थ झाले. पुढल्याच वर्षी बिमल रॉय यांचा ‘दो बीघा जमीन’ आला. एका महोत्सवाने एवढे केले तरी त्याचा खर्च वसूल झाला असे समजावे.

पुण्याचा आंतरराष्ट्रीय चित्रपटमहोत्सव, ज्याला सर्वजण ‘पिफ’ या संक्षिप्त नावाने ओळखतात, २००२ साली सुरू झाला. डॉ. जब्बार पटेल यांच्या नेतृत्वाखाली पुणे फिल्म फाउंडेशन ही संस्था महाराष्ट्र शासनाच्या साहाय्याने तो भरवते आणि सामान्यतः त्याचा काळ जानेवारीचा असतो. जागतिक स्पर्धेतल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटास ‘प्रभात’च्या नावाचा, आणि मराठी स्पर्धेतल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटास ‘संत तुकाराम’ या नावाचा पुरस्कार देण्याची तेथे प्रथा आहे. स्पर्धेखेरीज निरनिराळ्या देशांचे नवे चित्रपट, एखाद्या दिवंगत अथवा वयोवृद्ध दिग्दर्शकाच्या जुन्या कृतींचे सिंहावलोकन, विद्यार्थ्यांचे लघुपट, आणि अधूनमधून व्याख्याने, असा एकंदर पसारा असतो.

जाणाराने प्रथम आपल्या नावाची नोंदणी करून छायाचित्रासह पास घ्यावयाचा असतो. त्यासोबत कार्यक्रमपत्रिका मिळते. अनेक चित्रगृहांत एकाच वेळी निरनिराळे खेळ चालू असल्यामुळे ही पत्रिका नीट वाचणे हेच पहिले कर्तव्य होय, आणि नवख्या माणसाची पहिली संध्याकाळ पेन्सिलीने खुणा करण्यात व त्या पुन्हा खोडण्यात जाते. पास मिळाला म्हणजे जागा मिळालीच असे मात्र नव्हे. खेळापूर्वी रांगेत उभे राहावे लागते, आणि ज्या चित्रपटाची वार्ता आदल्या रात्री चहाच्या टपरीवर पसरलेली असते, त्याच्या रांगेचे शेपूट जिना उतरून पार खाली आलेले आढळते. ही रांगच खरी शिकवणी असते असे माझे मत आहे. पुढे उभा असलेला निवृत्त बँक अधिकारी आणि मागे उभी असलेली महाविद्यालयीन कन्या यांच्या बोलण्यातून कोणता चित्रपट टाळावा आणि कोणता जीव गेला तरी चुकवू नये, याचा जो निवाडा मिळतो तो छापील परिचयात कधी मिळत नाही, कारण छापील परिचय लिहिणाऱ्याला सगळेच चित्रपट अप्रतिम म्हणावे लागतात.

एका दिवशी पाच-पाच चित्रपट पाहणारे वीर तेथे भेटतात. त्यांचा हेवा करू नये. तिसऱ्या चित्रपटानंतर इराणातले गाव आणि पोलंडमधले शहर यांची डोक्यात सरमिसळ होऊ लागते, आणि रात्री घरी गेल्यावर कोणत्या चित्रपटात कोण मेले हे आठवेनासे होते. दोन चित्रपट स्वस्थपणे पाहावे, मध्ये एक तास हिंडावे, आणि जो दिग्दर्शक स्वतः उपस्थित असेल त्याच्याशी होणारी प्रश्नोत्तरे अवश्य ऐकावी, एवढे पथ्य पाळले तरी पुष्कळ झाले. प्रश्नोत्तरांच्या वेळी प्रश्न विचारण्यासाठी म्हणून उभे राहून दहा मिनिटे स्वतःचेच मत ऐकवणारे एक गृहस्थ प्रत्येक महोत्सवात असतातच. त्यांना सहन करणे हाही पासाच्या शर्तींतला एक अलिखित भाग समजावा.

सरावाच्या चित्रपटाहून हे चित्रपट निराळे कसे, हा प्रश्न नवा प्रेक्षक नेहमी विचारतो. निराळेपणा मुख्यतः वेगात आहे. व्यापारी चित्रपटाला प्रेक्षकाचे लक्ष क्षणभरही ढळू द्यावयाचे नसते, म्हणून तो दर दोन-चार सेकंदांनी दृश्य बदलतो आणि कोठे रडावे हे वाद्यवृंदाकरवी सुचवतो. उलट, चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ या चित्रपटात, ज्याला २०१४ साली व्हेनिसमध्ये दोन पुरस्कार लाभले, कॅमेरा न्यायालयाच्या खोलीत दूर एका जागी उभा असतो व हलत नाही. एका वृद्ध लोकशाहिरावर खटला चालू आहे. सरकारी वकील कलमे वाचतात, न्यायाधीश कारकुनाला मजकूर सांगतात, पुढली तारीख पडते. शहरातल्या वातानुकूलित सभागृहात बसलेल्या प्रेक्षकाला ही संथता कलात्मक वाटते. परंतु जमिनीच्या हिश्श्यापायी अथवा बांधाच्या तंट्यापायी ज्याने तालुक्याच्या कचेरीत आणि न्यायालयात वर्षानुवर्षे हेलपाटे घातले आहेत, वकीलपत्र, दाखले, नकला आणि तारखा यांत ज्याची हयात गेली आहे, त्या भोरच्या अगर वेल्ह्याच्या माणसाला तो चित्रपट समजावून सांगण्याची गरज पडणार नाही. किंबहुना त्यानेच तो इतरांना समजावून सांगावा.

येथे मी माझ्या दुसऱ्या मुद्द्यावर येतो. गेल्या काही वर्षांत जगभरच्या महोत्सवांत मराठीचे नाव ज्या कृतींनी नेले त्यांची नुसती यादी पाहावी. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त गावकुसाबाहेरच्या मुलाची शाळकरी प्रीती आणि डुक्कर पकडण्याचे त्याच्या कुटुंबावर लादलेले काम आहे. जयंत सोमलकर यांच्या ‘स्थळ’मध्ये, ज्याला २०२३ साली टोरांटोच्या महोत्सवात पारितोषिक मिळाले, विदर्भातल्या एका शेतकऱ्याच्या मुलीला पाहावयास येणाऱ्या पाहुण्यांपुढे पुनःपुन्हा पाटावर बसावे लागते. रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ला २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात परदेशी कथापटांच्या विभागातला सर्वोच्च पुरस्कार लाभला, त्यात वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेल्या तरुणाचे बालमित्राशी जुळणारे हळवे नाते आहे. म्हणजे कथा खेड्याची, माणसे खेड्याची, बोली खेड्याची. आणि टाळ्या टोरांटोच्या. या टाळ्यांविषयी माझी तक्रार नाही. पण मुलीला पाहण्याचा तो प्रसंग भोर तालुक्यातल्या पन्नास आया आणि त्यांच्या मुली एकत्र बसून पाहतील, तेव्हा त्या सभागृहात जी शांतता अगर जो हशा होईल, तो कोणत्याही परीक्षक मंडळाच्या निकालाहून दिग्दर्शकाला अधिक काही शिकवून जाईल. ‘साबर बोंडं’सारख्या चित्रपटाला तेथे विरोधही होईल, काही माणसे उठून जातील. जावोत. उठून जाणे हाही प्रेक्षकाचा अभिप्रायच आहे, आणि जो चित्रपट तो सोसू शकत नाही त्याने स्वतंत्र म्हणवून घेण्यात अर्थ नाही.

खेड्यातल्या प्रेक्षकाला असले काही रुचत नाही, हा आक्षेप मी पुष्कळदा ऐकला आहे. तो करणाऱ्यांना तंबूतला सिनेमा आठवत नसावा. पावसाळा सरला की पडदा, कनाती आणि यंत्र असा संसार जुन्या ट्रकांत भरून फिरती चित्रगृहे महाराष्ट्रभर जत्रांमागून हिंडू लागत. दिवसा भोंग्यावरून पुकारा होई, रात्री पाल उभे राही, आणि जमिनीवर मांडी घालून बसलेला समुदाय पहिला खेळ, दुसरा खेळ, प्रसंगी पहाटेपर्यंत तिसरा खेळ पाही. या व्यवसायाचे अखेरचे दिवस शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटात टिपले असून २०१६ साली कानच्या महोत्सवात त्याची विशेष दखल घेतली गेली. रिळे गेली, संगणकीय प्रक्षेपण आले, दूरचित्रवाणी व पुढे मोबाइल घरोघर झाले, आणि तंबू विरळ होत गेले. तंबूत लागणारे चित्रपट बहुधा मारधाडीचे किंवा भक्तिरसाचे असत हे खरे; परंतु अनोळखी माणसांच्या खांद्याला खांदा लावून अंधारात बसण्याची सवय, जी महोत्सवाचा पाया आहे, ती या भागाला नवी नाही, एवढेच मला म्हणावयाचे आहे.

खरा अडसर भाषेचा आहे, रुचीचा नव्हे. महोत्सवांतल्या परदेशी चित्रपटांच्या तळाशी इंग्रजी अक्षरे धावतात. ज्याचे शिक्षण मराठी शाळेत झाले त्याला ती वाचेपर्यंत पुढचे वाक्य येते, आणि अर्ध्या तासात तो हताश होऊन पास खिशात घालतो. मराठी उपशीर्षके करणे आता तांत्रिकदृष्ट्या मुळीच कठीण राहिलेले नाही; लागतो तो एक जाणता अनुवादक आणि आठवडाभराची बैठक. ते जोवर होत नाही तोवर आपल्याच परंपरेतला एक तोडगा आहे. मूकपटांच्या काळी जपानमध्ये पडद्याशेजारी उभा राहून कथा सांगणारा ‘बेन्शी’ नावाचा निवेदक असे. आपल्याकडे पिंगुळीचे चित्रकथी हेच करत आले. आणि चित्रपट जन्मण्यापूर्वी कल्याणच्या महादेवराव पटवर्धनांनी व त्यांच्या पुत्रांनी ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने जादूच्या कंदिलाचे जे खेळ केले, त्यांतही रंगीत काचचित्रांना निवेदनाची जोड होती. भोरच्या राजवाड्यातल्या रामनवमीच्या उत्सवात ज्यांनी कीर्तने ऐकली आहेत, त्यांना पूर्वरंग आणि उत्तररंग यांची ओळख करून द्यावयास नको. खेळापूर्वी दहा मिनिटांत एखाद्या माहीतगाराने देश, काळ आणि पात्रे यांची ओळख करून देणे हा चित्रपटाचा पूर्वरंगच समजावा. मात्र कीर्तनकाराप्रमाणे त्याने गोष्टीचा शेवट आधी सांगू नये.

हे सगळे मनोराज्य नव्हे, कारण शेजारच्या राज्यात ते घडून गेले आहे. कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या सागर तालुक्यात हेग्गोडू नावाचे सुपारीच्या बागांतले एक लहान खेडे आहे. तेथे के. व्ही. सुब्बण्णा यांच्या ‘नीनासम’ या नाट्यसंस्थेने १९७३ साली चित्रपटमंडळ काढले, आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे अध्वर्यू पी. के. नायर व चित्रपट संस्थेतले रसास्वादाचे प्राध्यापक सतीश बहादूर यांच्या साहाय्याने गावकऱ्यांसाठी जगातले उत्तमोत्तम चित्रपट दाखवण्यास व त्यांच्यावर शिबिरे भरवण्यास प्रारंभ केला. ‘पथेर पांचाली’, ‘बायसिकल थीव्ह्ज’, ‘राशोमोन’ हे चित्रपट तेथल्या शेतकऱ्यांनी पाहिले, त्यांवर कन्नडमधून वाद घातले, आणि चित्रपटकलेवर कन्नड पुस्तकेही त्या खेड्यातून निघाली. सुब्बण्णांना १९९१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. नायर यांच्या जीवनावरील ‘सेल्युलॉइड मॅन’ या माहितीपटात हेग्गोडूचे रहिवासी, त्यांनी कित्येक वर्षांपूर्वी पाहिलेल्या त्या चित्रपटांविषयी बोलताना दिसतात, आणि त्यांच्या बोलण्यात ओशाळेपणाचा लवलेश नाही. आता यातला विरोधाभास पाहावा. ही रिळे गेली पुण्याच्या लॉ कॉलेज रस्त्यावरच्या त्या संग्रहालयातून. शेकडो किलोमीटर दूरच्या कन्नड खेड्यात ती पोहोचली; खुद्द पुणे जिल्ह्यातल्या, पन्नास-साठ किलोमीटरांवरच्या तालुक्यांच्या वाटेला तो योग आला नाही. संग्रहालयाला यात बोल लावता येणार नाही. हेग्गोडूने मागितले, म्हणून हेग्गोडूला मिळाले.

केरळमध्ये तर याहून पुढची मजल गाठली गेली. जॉन अब्राहम या दिग्दर्शकाने मित्रांसह ‘ओडेसा’ नावाचे मंडळ काढले, गावोगाव चित्रपट दाखवत लोकांकडून वर्गणी गोळा केली, आणि त्या वर्गणीतून १९८६ सालचा ‘अम्मा अरियन’ निर्माण झाला. महाराष्ट्रातली चित्रपट-मंडळांची चळवळही जुनी आहे. मुंबईचे प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून कार्यरत आहे, पुण्यात आशय फिल्म क्लबने रसिकांच्या पिढ्या घडवल्या. तथापि ही मंडळे बहुधा शहरांतच राहिली.

तेव्हा भोरला अथवा वेल्ह्याला असा महोत्सव भरवायचे कोणी मनावर घेतलेच, तर त्याने आरंभी लहान असावे. तीन दिवस आणि दिवसाला दोन चित्रपट, एवढे पुरे. सभागृह शाळेचे चालेल. अंधार नीट व्हावा आणि आवाज घुमू नये, एवढीच अट. विजेचा भरवसा नसल्याने जनित्राची तजवीज आधी करावी. आपल्याजवळ चित्रपटाची प्रत आहे म्हणजे तो दाखवण्याचा हक्कही आहे, असा एक गोड गैरसमज आढळतो. निर्मात्याची लेखी संमती घेतल्यावाचून एकही खेळ लावू नये, आणि अनुभव असा की, तालुक्याच्या गावी चित्रपट न्यावयाचा आहे असे कळवले असता पुष्कळ स्वतंत्र दिग्दर्शक ती आनंदाने देतात. सेन्सॉरचे प्रमाणपत्र नसलेला चित्रपट महोत्सवात दाखवावयाचा तर १९५२ च्या चित्रपट कायद्याच्या नवव्या कलमान्वये केंद्र सरकारची सूट लागते. हा कागदी व्याप पहिल्या वर्षी कशाला हवा. प्रमाणपत्र मिळालेले मराठी चित्रपट मुबलक आहेत.

एक खेळ मात्र स्थानिक विषयाला राखून ठेवावा. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पुणे बुडाले, ही आठवण पुण्याने शंभर प्रकारे जतन केली आहे. परंतु पानशेत वेल्हे तालुक्यात आहे, आणि त्या धरणासाठी आपली शेते व घरे सोडून उठलेल्या गावांची हकिकत पुण्याच्या आठवणींत कोठे तळटीपेपुरतीही आढळत नाही. १९२८ साली पूर्ण झालेल्या भाटघरच्या धरणाखालीही अशीच भातखाचरे गेली. ज्यांच्या आजोबांनी ते पाहिले अशी माणसे अजून बोलती आहेत, आणि हल्ली प्रत्येक महाविद्यालयीन मुलाच्या खिशात कॅमेरा आहे. वाड्यात येणाऱ्या ताफ्यांकडून एक-दोन दिवसांच्या कामाची मजुरी घेण्याबरोबरच त्यांच्या छायालेखकाला एक संध्याकाळ मुलांना शिकवण्यासाठी मागून घेतली, तर तो सहसा नाही म्हणणार नाही.

राहता राहिला मुहूर्ताचा प्रश्न, आणि तो सर्वांत महत्त्वाचा. आषाढात वेल्ह्याच्या पावसात भातलावणी चालू असते. त्या वेळी जगातला सर्वश्रेष्ठ चित्रपट आणला तरी खाचरातून कोणी वर येणार नाही. कार्तिकात कापणी-झोडणी. चैत्रापासून गावोगावच्या जत्रा, आणि त्यांच्याशी स्पर्धा करण्याच्या फंदात कोणी पडू नये. उरतात पौष आणि माघ. पुण्याचा महोत्सवही त्याच सुमारास भरत असल्याने तेथे आलेल्या एखाद्या दिग्दर्शकाला एक मुक्काम वाढवण्याची विनंती करता येते. दुपारचा खेळ बायकांची धारा काढण्याची वेळ होण्यापूर्वी संपला पाहिजे, आणि रात्रीचा खेळ असा बेतावा की, आसपासच्या वाड्यांना जाणारी मुक्कामी एस.टी. स्थानकातून सुटण्यापूर्वी चित्रपट पुरा होऊन दिग्दर्शकाशी बोलावयास निदान अर्धा तास मिळावा. एवढ्या वेळात बोलणे आटोपणार नाही, हे उघड आहे. उरलेले गाडीत होईल, आणि दिग्दर्शकाला त्याच गाडीने एखाद्या वाडीवर मुक्कामाला नेता आले तर उत्तमच.